पूजेचा शेगडा आणि कामाचा शेगडा

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या ६०व्या कलमात ऋणकोच्या कोणकोणत्या वस्तूंवर जप्ती आणता येत नाही, त्यांची यादी दिलेली आहे. यादीच्या पहिल्याच खंडात अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्मरूढीप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने आहेत. आणि दुसऱ्या खंडाचा आरंभ कारागिराच्या हत्यारांनी होतो. म्हणजे धनकोच्या हाती हुकूमनामा असो, दारात बेलीफ उभा असो, घरातील कपाटे आणि खुर्च्या रस्त्यावर आलेल्या असोत. गृहिणीच्या मंगळसूत्राला आणि कारागिराच्या कानशीला हात लावण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही. ज्या इंग्रज सरकारच्या अमदानीत ही संहिता झाली, त्याला आपल्या कारागिरांविषयी फार जिव्हाळा होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु कर्जात बुडालेला मनुष्य पुन्हा उभा राहावयाचा असेल तर त्याच्या हाताशी हत्यार उरले पाहिजे, एवढे व्यवहारज्ञान त्या कायद्याच्या कर्त्यांना होते.

वकिलीच्या धंद्यात जप्तीची प्रकरणे पाहावीच लागतात. पण ज्या गोष्टीने हा लेख लिहावयास भाग पाडले ती न्यायालयात घडत नाही. ती आपल्या घरांत घडते. हुकूमनामा नाही, धनको नाही, बेलीफ नाही; आणि तरीही ज्या वस्तूला कायदा परक्याचा हात लागू देत नाही, ती आपण आपल्या हातांनी उचलून भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवतो. तीही कर्जापायी नव्हे. 'अडगळ होते' म्हणून. माझा रोख या अडगळीतील सर्वांत जड नगावर, म्हणजे जुन्या शेगड्यावर आहे.

परगावच्या मराठी वाचकाला दुर्गदबैल या नावात बैल दिसतो. तो बैल नव्हे. कन्नडातील 'बयलु', म्हणजे मोकळे मैदान. आता तेथे मोकळे असे फारसे काही उरलेले नाही. कापड, बांगड्या, भांडी, भाजी आणि दिवस मावळला की खाण्याच्या गाड्या, अशी हुबळीची ही जुनी गजबजलेली पेठ आहे. जवळच कंचगार गल्ली आहे. कंचगार म्हणजे काशा-पितळेचे काम करणारा. हातोड्याच्या नावाने गल्ल्या ओळखल्या जाव्यात अशी ही वस्ती. या वस्तीतील जुने घर पाडून तेथे दुकानांची इमारत उभारावयाचे ठरले, की प्रथम देवघर हलते, मग कपाटे हलतात, आणि शेवटी मागच्या पडवीतील ते ओबडधोबड लोखंड कोणाच्या तरी नजरेस पडते. चार भाऊ असतात, वाटणीपत्रात तसूतसू जमिनीवरून वाद झालेला असतो; पण शेगडा कोणाच्याच वाट्याला नको असतो. तो किलोच्या भावाने जातो, आणि आलेल्या पैशांत पाडकामाच्या मजुरांचा चहा होतो.

तरुण वाचकांना ही वस्तू माहीत असलीच तर 'व्हाइस' या नावाने असेल. बाकाला पक्की बसवलेली एक बैठक, तिच्यावर एक स्थिर जबडा, त्याच्यासमोर पुढेमागे सरकणारा दुसरा जबडा, दोहोंना जोडणारे जाड मळसूत्र आणि ते फिरविण्यासाठी आडवा दांडा; बस्स, एवढेच हे यंत्र. ते कापत नाही, घासत नाही, भोक पाडत नाही. ते फक्त धरून ठेवते. पण धरून ठेवणे म्हणजे काय, हे ज्याने एका हातात लोखंडाची कांब आणि दुसऱ्या हातात करवत धरून पाहिली आहे त्यालाच कळते. देवाला चार हात आहेत. माणसाला दोनच मिळाले, आणि तिसऱ्याची उणीव शेगड्याने भरून काढली.

त्याच्या बळाचा एक साधा हिशेब पाहा. दांडा मध्यापासून २० सेंटिमीटरवर धरून एक पूर्ण फेरा दिला, तर हात सुमारे १२५ सेंटिमीटर फिरतो. मळसूत्राच्या दोन आट्यांमधील अंतर ६ मिलिमीटर असेल तर जबडा मात्र सहाच मिलिमीटर सरकतो. हिशेबाने जोर दोनशे पटींनी वाढावयास हवा. त्यातील तीन-चतुर्थांश घर्षणात गेला असे धरले, तरी हाताच्या २० किलोच्या रेट्यातून जबड्यांमध्ये सुमारे १,००० किलोचा दाब उत्पन्न होतो. वीज नाही, तेलाचे इंजिन नाही; केवळ एक मळसूत्र आणि एक दांडा. पडवीत गंजत पडलेली वस्तू ती ही.

हुबळीत असे शेगडे इतके का सापडतात, याचे उत्तर रेल्वेत आहे. १८८० नंतरच्या दशकात सदर्न मराठा रेल्वे कंपनीने येथे आपला कारखाना उभारला. १९०८ साली ती कंपनी मद्रास रेल्वेशी जोडली गेली, १९५१ साली तिचा मार्ग सरकारी दक्षिण रेल्वेत गेला, आणि २००३ पासून नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालयच या शहरात आहे. या कारखान्याने गावाला केवळ पगार दिला नाही. उभे राहून, बाकावर, मापाने लोखंडाचे काम करण्याची रीत दिली. त्यापूर्वी आपला सुतार आणि लोहार जमिनीवर बसून काम करी आणि लाकूड पायाच्या अंगठ्यात धरी. फिटर आला तो बाक आणि शेगडा घेऊन आला. कारखान्यात शिकलेल्या हाताने घरीही एक बाक मांडला. सायकलीच्या, कुलपांच्या, स्टोव्हच्या दुरुस्तीची दुकाने निघाली. आणि शेफील्डच्या 'रेकॉर्ड' किंवा शिप्लीच्या 'पार्किन्सन' अशा छापांचे शेगडे पेठेतील पडव्यांत येऊन स्थिरावले.

आता ज्यांच्याविरुद्ध माझी फिर्याद आहे त्या तीन पक्षांकडे वळतो. पहिला पक्ष विकणाऱ्यांचा, दुसरा नाक मुरडणाऱ्यांचा, आणि तिसरा, जो मला सर्वांत घातक वाटतो, शोभेसाठी ठेवणाऱ्यांचा.

पहिला पक्ष म्हणतो : "जुन्याचा एवढा सोस कशाला? थोड्या पैशांत बाजारात नवा मिळतो." हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. जालंदर-लुधियानाकडे हातहत्यारांचा मोठा धंदा आहे, तेथे चांगले शेगडेही होतात. आणि देशी म्हणजे हलका असे मानणाऱ्यांपैकी मी नव्हे. इंग्रजी नाव कोरलेले आहे म्हणून कोणतेही लोखंड पूज्य होत नाही. पण थोड्या पैशांत मिळणारा नवा आणि पडवीत पडलेला जुना यांची तुलना करणाऱ्याने दोन्ही एकदा उचलून तरी पाहिले आहेत काय? स्वस्त शेगड्यात धातू कमी असतो, सरकता जबडा आपल्या वाटेत डुलतो, आणि काम घट्ट धरताच वर उचलला जातो. पन्नास-साठ वर्षे फिटरने वापरलेला, तरीही जबडे समांतर मिळणारा शेगडा आपली परीक्षा देऊन बसलेला आहे. त्याची योग्यता वाटाघाटीची बाब नसून पुराव्याची बाब आहे.

तो पुरावा तपासावा कसा, हे सांगितल्यावाचून नुसता उपदेश करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. बहुतेक शेगडे बिडाचे असतात. घरातील बिडाचा तवा हातून पडला तर तो वाकत नाही, तुटतो. तोच स्वभाव येथे. बीड दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही. म्हणून प्रथम तडा शोधावा. शेगडा स्वच्छ करून त्यावर रॉकेल किंवा डिझेल लावावे, थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे आणि वरून खडूची पूड चोळावी. तडा असेल तर आत शिरलेले तेल बाहेर झिरपून पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटवते. ही रेघ सरकत्या जबड्याच्या मानेवर किंवा बैठकीच्या मुळाशी आढळली तर तो शेगडा पुन्हा जड कामाला घालू नये. पितळेच्या झाळेने किंवा निकेलच्या कांडीने बीड सांधता येते. पण ते जाणत्याचे काम आहे, आणि त्यानंतरही सांध्यावर हातोडा चालविणे हा शहाणपणा नव्हे. खरोखरच निकामी झालेला शेगडा भंगारात जावा याला माझी हरकत नाही. माझी हरकत न तपासता दिलेल्या निकालाला आहे.

मग मळसूत्र पाहावे. दांडा उलट फिरविताना जबडा हलण्यापूर्वी थोडी मोकळी फिरत असणारच. पण आटे झिजून सुरीच्या पात्यासारखे पातळ झाले असतील तर ते काम संपले. बहुधा मळसूत्रापेक्षा ज्या चाकीत ते फिरते ती आधी झिजते, आणि तशी चाकी लेथवर करून देणारा कारागीर कोणत्याही औद्योगिक वसाहतीत सापडतो. हुबळीकरांनी त्यासाठी गोकुळ रस्त्याच्या पलीकडे जावयास नको. जबड्यांवरील पोलादी पट्ट्या स्क्रूने बसविलेल्या असतात. ते स्क्रू गंजून धरले असतील तर घाईने त्यांची डोकी मोडू नयेत. तेल सोडून रात्रभर ठेवावे, थोडी धग द्यावी, मग योग्य मापाच्या पेचकसाने, वरून हलका ठोका देत फिरवावे.

गंजाविषयी आपल्या आजींना जे ठाऊक होते ते आपण विसरलो. ज्या चिंचेने समया उजळतात तिच्याच कोळात शेगड्याचे सुटे लहान भाग रात्रभर ठेवले तर गंज सैल होतो. सकाळी ते सोड्याच्या पाण्याने धुऊन, लगेच कोरडे करून तेल लावले पाहिजे, नाहीतर दुपारपर्यंत नवा गंज चढतो. मोठ्या भागांसाठी विजेची रीत उत्तम. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी घेऊन दर लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा घालावा. १२ व्होल्टच्या साध्या बॅटरी चार्जरचे ऋण टोक शेगड्याच्या भागाला आणि धन टोक साध्या लोखंडी पत्र्याला जोडावे, व दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नये. गंज सुटतो, खालच्या निकोप धातूला धक्का लागत नाही. मात्र धन टोकाला स्टेनलेसचा पत्रा कधीही लावू नये, कारण त्यातील क्रोमियम विषारी रूपाने पाण्यात उतरते. हायड्रोजन वायू निघत असल्यामुळे हे काम उघड्यावर, ठिणगीपासून दूर करावे. आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी चार्जर बंद करावा. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नये, ओला करून खरवडावा, आणि मुलांना तेवढा वेळ दूर ठेवावे. शेवटी मळसूत्राला ग्रीस, सरकत्या भागाला तेल, आणि जबड्यांच्या तोंडांना काहीच नाही. कारण ज्याने धरावयाचे त्याला बुळबुळीत करून कसे चालेल?

या सर्वांस दोन रविवार लागतात. ज्यांना दोन रविवारही नाहीत, त्यांनी निदान 'नवा स्वस्त पडतो' असे म्हणू नये. 'मला कंटाळा येतो' असे म्हणावे. ते खरे तरी होईल.

दुसरा पक्ष अधिक प्रतिष्ठित आहे. तो म्हणतो : "हे आपले काम नव्हे." या चार शब्दांनी आपल्या समाजाचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे कोणत्याही परचक्राने केले नसेल. आपले काम म्हणजे कोणते? कचेरीतले? ज्या कचेरीत मी आयुष्य घालविले तिच्याविषयी मला आदर आहे. पण टेबलाचा खण अडकला तर तो उघडण्यासाठी शिपायामार्फत सुताराला निरोप धाडणाऱ्या शहाणपणाविषयी मला आदर नाही. आपण ज्या संतांचे उत्सव करतो त्यांत गोरोबांचे मडके आहे, सावतोबांचा मळा आहे, आणि नरहरी सोनारांची पेढी आहे. विठ्ठलाच्या कमरेचे माप घेताना शिवभक्त नरहरींनी डोळ्यांवर पट्टी बांधली ही कथा कीर्तनात आपण अश्रू ढाळून ऐकतो. पण त्या कथेतील एक साधी गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही : दर्शन घडले ते मापे घेणाऱ्या बोटांना. देव त्यांना पोथीत भेटला नाही. करगोट्याच्या मापात भेटला. याच कर्नाटकात बाराव्या शतकात कल्याणच्या शरणांनी हाताच्या कामाला उपासनेच्या पंक्तीस बसविले. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोहोंचा वारसा सांगणाऱ्या आपण मराठी-कोंकणी घरांनी नेमका हाच भाग वाटणीत सोडून द्यावा, हे नवल नव्हे काय?

संतांचे राहू द्या. उद्योगाचे उदाहरण घ्या. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावाने मराठी रंगभूमीला अण्णासाहेब किर्लोस्कर दिले, हे आपल्या संगीतप्रेमी वाचकांना सांगावयास नको. त्याच गावी १८६९ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म झाला. ते मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. रंग ओळखण्यात दृष्टिदोष निघाला तेव्हा यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले. आणि बढतीच्या वेळी डावलले गेले तेव्हा नोकरी सोडून बेळगावी आले. तेथे होते काय? सायकलींचे दुकान. सायकलींपासून कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि तेथून लोखंडी नांगराकडे ते गेले. लोखंडाने जमीन विषारी होते असे मानणारे शेतकरी तो नांगर घेईनात. तरी हा मनुष्य थांबला नाही, आणि १९१० साली औंध संस्थानच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. 'हे आपले काम नव्हे' असे म्हणण्याची सोय लक्ष्मणरावांनाही होती. घराण्यात वेदान्ताचा व्यासंग होता. त्यांनी ती सोय नाकारली, म्हणून महाराष्ट्राला कारखाना मिळाला.

आणि ज्यांच्या घरात हाताचे काम पिढीजात होते त्यांनाही हा रोग लागला, याची एक करुण हकीकत आहे. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचे नियम आले. १४ कॅरटपेक्षा अधिक कसाचे नवे दागिने करण्यास मनाई झाली, आणि देशभरातील सोनारांच्या पेढ्यांवरील फुंकण्या थंडावल्या. पुढे १९६८ साली त्याचा स्वतंत्र कायदा झाला. तो रद्द व्हावयास १९९० साल उजाडले. धनकोला जी हत्यारे नेता येत नव्हती, ती एका हुकमाने जागच्या जागी निरुपयोगी झाली. पण निरुपयोगी झाले ते सोने घडविणे. हात निरुपयोगी झाले नव्हते. ज्या घरात हातशेगडा, तार ओढण्याची पट्टी आणि बारीक कानशी राहिल्या, तेथील मुलाला घड्याळाकडे, कुलपाकडे, चष्म्याच्या काडीकडे वळणे शक्य होते. ज्या घरातून त्या गेल्या, तेथे अर्ज लिहिण्यावाचून दुसरी वाट उरली नाही. सरकारचा दोष सरकारच्या पदरी. पण आज कोणताही हुकूम नसताना तीच हत्यारे आपण विकतो, त्याचा दोष कोणाच्या पदरी बांधावयाचा? आज तर उलटा प्रकार आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहार, सोनार, कुलूप करणारा अशा १८ व्यवसायांतील कारागिरांना हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. शासन हत्यार देण्यासाठी अर्ज मागविते, आणि आपण हाताशी असलेले हत्यार टाकून देण्यासाठी हातगाडी बोलावतो.

तिसऱ्या पक्षाचा मात्र मला राग येतो, कारण तो आमच्याच बाजूचा असल्याचा भास निर्माण करतो. हा शेगडा विकत नाही. तो त्याला घासतो, लाल-निळा चकचकीत रंग देतो, अक्षरांवर सोनेरी रेघ ओढतो आणि दिवाणखान्यात मांडतो. येणारे-जाणारे 'वा!' म्हणतात. शेगड्याच्या जबड्यात ना कधी कांब, ना कधी कुलूप. असाच दुसरा प्रकार खंडेनवमीचा. आपल्या भागात तो आयुधपूजेचा मोठा सण. सकाळपासून झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, कोहळा. गाड्यांची पूजा होते, संगणकाची होते, आणि पडवीतील शेगड्यालाही एक फूल मिळते. दुसऱ्या दिवशी ते फूल तेथेच वाळते, पुढच्या नवमीला नवे येते. वर्षानुवर्षे मळसूत्राला तेलाचा थेंब नाही, पण कुंकवाचा थर मात्र चढत जातो.

येथे मला पुन्हा त्या ६०व्या कलमाकडे जावे लागते. कायद्याचे शब्द 'कारागिराची हत्यारे' असे आहेत. नुसती 'हत्यारे' असे नाहीत. एकच शेगडा फिटरच्या बाकावर असेल तर धनकोच्या हातून सुटेल. वकिलाच्या दिवाणखान्यातील शोभेच्या मेजावर असेल तर सुटणार नाही, तो केवळ एक चीजवस्तू ठरेल. संरक्षण लोखंडाला दिलेले नाही, ते त्याच्या कामाला दिलेले आहे. मला वाटते, धर्मशास्त्राचाही अभिप्राय याहून निराळा नसावा. आयुधाची पूजा ही ते आयुध उचलणाऱ्या हाताची प्रतिज्ञा आहे. वर्षातून एक दिवस फूल आणि तीनशे चौसष्ट दिवस उपेक्षा, याला पूजा म्हणावयाचे असेल तर मग श्राद्ध कशाला म्हणावयाचे?

म्हणून शेगडा दुरुस्त करावयाचा तो वापरण्यासाठी. बाकाच्या पायाच्या बरोबर वर, आरपार बोल्टांनी तो बसवावा, म्हणजे ठोका थेट जमिनीत उतरतो. सरळ उभे राहून कोपर वाकविले असता जबड्यांची वरची कड कोपराच्या उंचीला यावी. त्याहून खाली असेल तर पाठ तक्रार करते, वर असेल तर कानस वेडीवाकडी चालते. स्थिर जबडा बाकाच्या कडेच्या किंचित पुढे असावा, म्हणजे लांब कांब उभी धरली तरी बाकाला अडत नाही. दांड्यात नळी घालून जोर वाढवू नये आणि दांड्यावर हातोडा तर कधीच मारू नये. हाताच्या जोराने जे धरले जात नाही त्याला मोठा शेगडा हवा. ठोकावयाचे झालेच तर ठोका स्थिर जबड्याच्या दिशेने असावा. आणि पितळेची वस्तू धरताना जबड्यांवर तांब्याचे, अॅल्युमिनियमचे किंवा जाड चामड्याचे आच्छादन घालावे, म्हणजे पोलादी दात तिच्या अंगावर उमटत नाहीत.

पितळेची वस्तू म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर समई येते. समईचे भाग एकमेकांत आट्यांनीच बसविलेले असतात. शेगड्याचे जे मळसूत्र तेच समईचे. तेलाने आणि काजळीने ते आटे धरतात, मग आपण समई आवळतो, पिळतो, आणि दांडा वाकवितो. चामड्याचे आच्छादन घातलेल्या शेगड्यात ती अलगद धरून, थोडी ऊब देऊन फिरविली तर पाच मिनिटांचे काम. देवळातील किती समया, किती कडी-कोयंडे, घंटेचे लोलक, दरवाजांच्या बिजागऱ्या आज 'दुरुस्त होत नाही' म्हणून कोठीत पडल्या आहेत आणि त्यांच्या जागी हलका नवा माल आला आहे, याची मोजदाद प्रत्येक देवस्थानच्या मंडळाने एकदा करावी. मोजदाद करताना एक गोष्ट लक्षात असू द्यावी : कायद्याच्या दृष्टीने देव ही व्यक्ती आहे आणि कोठीतील माल त्या व्यक्तीचा आहे. विश्वस्त हे सांभाळणारे. मोडीच्या भावाने सुटसुटीत होण्याचा अधिकार त्यांना आपल्या घरात असेल, देवाच्या घरात नाही.

यावरून माझी मागणी उघड आहे, आणि वकिलाच्या सवयीने ती मी कलमवार मांडतो. एक : आपल्या समाजातील कोणत्याही घराने जुना शेगडा तपासल्यावाचून भंगारात देऊ नये, स्वतःला नको असेल तर ज्याला हवा त्याला द्यावा. दोन : प्रत्येक देवस्थानाने आवारातील एखाद्या खोलीत एक भक्कम बाक आणि त्यावर एक दुरुस्त केलेला शेगडा ठेवावा, आणि आठवड्यातून एक सकाळ एखाद्या निवृत्त फिटरला किंवा सोनारकाम जाणणाऱ्याला योग्य मानधन देऊन मुलांना शिकविण्यास बोलवावे. मुलांना म्हणताना मुलींनाही. तीन : खंडेनवमीला त्या हत्यारांची पूजा व्हावी, पण वर्षभरात त्यांनी काय काय दुरुस्त केले याची यादी त्या दिवशी वाचून दाखवावी. ज्या वर्षी यादी कोरी असेल त्या वर्षी झेंडूचा खर्च वाचवावा.

देवळाच्या आवारात लोखंड घासणे शोभत नाही, असे कोणी म्हणतील. त्यांनी गाभाऱ्यात जाऊन देवाच्या प्रभावळीकडे पाहावे. ती कोणी तरी, कोठे तरी, काही तरी घट्ट धरून, घासून आणि ठोकूनच घडविली आहे. तो आवाज त्या वेळी देवाला खपला. आज आपल्याला खपत नाही, एवढाच काय तो भेद.

वाचकहो, तुमच्या घरात पडवी उरली असेल तर तिच्यात जाऊन पाहा. शेगडा असेल तर दांडा फिरवून पाहा. फिरत नसेल तर तेल सोडा आणि उद्या पुन्हा फिरवा. भंगारवाला पुढच्या आठवड्यातही येणार आहे. त्याला थोडे थांबवता येईल; गेलेला शेगडा परत आणता येत नाही.